कुठं लिहिलंय, ते आधी सांगा

माझी एकतीस वर्षांची नोकरी मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात झाली. आलेल्या पेशंटची नोंद करायची, गेलेल्याची काढायची, फायली रॅकवर लावायच्या. डिस्चार्ज हा शब्द मी दिवसातून शंभरदा लिहीत आणि ऐकत असेन. पण त्या शब्दाकडे थांबून बघावं असं मला कधी वाटलं नव्हतं. ते काम हिराताईंनी करायला लावलं.

त्या पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आल्या तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. मागे रांग होती. सावळ्या, उंच, पंचेचाळिशीच्या आसपासच्या बाई. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि हातात शाळकरी वही. नवऱ्याला आज सोडणार होते आणि सकाळी आठपासून त्या कागदांची वाट बघत होत्या.

"भाऊ, तुम्ही डिस्चार्जचं बटण दाबता तेव्हा आत नेमकं काय होतं?"

मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, "होईल ताई, औषधांच्या विभागाची सही यायचीय. बसा जरा."

"उशीर होऊ द्या. मी ते विचारत नाही. पेशंटचं नाव पुसलं जातं की नुसतं बाजूला ठेवलं जातं?"

"बाजूला जातं. पुसत नाही आम्ही काही."

"आणि खाट रिकामी दिसायला लागते?"

"हो."

"आणि जो बरा न होताच जातो त्याचं?"

आता मागच्या माणसानं घसा खाकरला. मी त्यांना बाजूच्या दारातून आत बोलावलं, कारण त्यांचा चेहरा भांडायला आलेल्या माणसाचा नव्हता. स्टुलावर बसून त्यांनी वही उघडली. मी सांगत गेलो. बरा झाला तरी डिस्चार्ज. दुसऱ्या दवाखान्यात हलवला तरी डिस्चार्ज. डॉक्टर नको म्हणत असताना सही करून गेला तरी डिस्चार्ज, फक्त कारण वेगळं टाकायचं. आणि मेला तरी कॉम्प्युटरला ते डिस्चार्जच कळतं.

त्यांची पेन्सिल थांबली.

"मेला तरी?"

"खाट मोकळी व्हायला पाहिजे ना, ताई."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तिकडंही तसंच आहे. आल्ता पोर फायेसिमिएन्तो."

मी विचारलं, "पायाला लावतात तो आळता?"

त्या हसल्या. त्यांचं हसणं आवाजाशिवाय असायचं, नुसते खांदे हलायचे. "नाही हो. आल्ता. स्पॅनिश आहे. दवाखान्यातून सुटका. पुढचं ते 'मेल्यामुळे'."

मिरजेत घरी बसून इंग्रजीचं स्पॅनिश करणारी बाई आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हिराताई मूळच्या माण तालुक्यातल्या. माहेरची माणसं मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरणारी. ही एकच पोर शाळेत टिकली, मग वसतिगृहात, मग पुण्याला. तिथं विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गात जागा शिल्लक होती ती स्पॅनिशच्या. "फ्रेंचला जागा असती तर फ्रेंच शिकले असते," त्या सांगायच्या. पुण्यातच त्यांची गाठ फौजेतल्या संपतरावांशी पडली. संपतराव फलटणकडचे, ऊसवाल्या घरातले. या लग्नाला दोन्हीकडून कुणी आलं नाही, आणि पुढंही कुणी फिरकलं नाही. चार वर्षांनी डोंगराळ मुलखात फौजेची गाडी दरीत गेली. संपतराव वाचले, पण कमरेखालचं शरीर गेलं. फौजेनं त्यांना घरी पाठवलं आणि हिराताईंनी पुण्यातली नोकरी सोडली. दवाखाना जवळ असावा म्हणून मिरजेत दोन महिन्यांसाठी म्हणून घर घेतलं. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्या दोन महिन्यांना अकरा वर्षं झाली होती.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. जिना इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं मागं सरायचं. संपतरावांना खाली आणायचं तर चार माणसं आणि एक जाड चादर लागायची. ते महिन्यातून एकदा होई, लघवीची नळी बदलायला. उरलेले दिवस ते खाटेवर आणि हिराताई खाटेपासून हाकेच्या अंतरावर. तळमजल्याची खोली बघायची असं दर वर्षी ठरायचं. मिळायची ती दवाखान्यापासून लांब असायची, नाहीतर घरमालकाला आजारी माणूस नको असायचा.

त्या पहिल्या दिवसानंतर मी अधूनमधून तिथं जायला लागलो. एखादा शब्द अडला की त्या फोन करायच्या, आणि फोनवर मला सांगता आलं नाही की मी घरी जाताना वर चढायचो. दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट, तिच्यावर फौजेतल्यासारखी ताणून घातलेली चादर आणि संपतराव. मिशीला पीळ, रोज सकाळी दाढी, मनगटावर घड्याळ. खाटेच्या दांडीवर चमचा वाजवला की हिराताई आतून यायच्या. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा. वळवताना हिराताई मोजायच्या, "उनो, दोस," आणि तिसरा आकडा संपतराव स्वतः ओरडायचे, "त्रेस!" त्या तीन आकड्यांत त्यांचं स्पॅनिश संपलं होतं, पण उच्चार खणखणीत होता.

आतल्या खोलीत खिडकीजवळ टेबल आणि त्यावर लॅपटॉप. भिंतीवर दोरी बांधून तिला कपड्यांच्या चिमट्यांनी कागद अडकवलेले. एका कागदावर एकच इंग्रजी शब्द आणि खाली त्याचे स्पॅनिश अर्थ, प्रत्येकासमोर तो कुठं चालतो ते. डिस्चार्जचा कागद सगळ्यांत लांब होता. दवाखान्यातून सुटका, फौजेतून सुटका, जखमेतून वाहणारा पू, तारेतून निघणारी वीज, नदीचं वाहून जाणारं पाणी, कोर्टानं सोडलेला आरोपी, पार पाडलेलं कर्तव्य. प्रत्येकाला तिकडं निराळा शब्द.

कुठलाही शब्द विचारला की त्यांचं उत्तर ठरलेलं. "कुठं लिहिलंय, ते आधी सांगा." माझ्या पुतणीनं एकदा कॉलेजच्या पुस्तकातला शब्द माझ्याकडून विचारून घेतला, तेव्हाही हेच. "शब्द एकटा आला की मी त्याला घरात घेत नाही, भाऊ. बरोबर कोण आहे ते बघते."

आयुष्यात त्या स्पॅनिश बोलणाऱ्या एकाही माणसाला भेटलेल्या नव्हत्या. वर्गातल्या बाईही पुण्याच्याच. मग कान तयार कसा ठेवायचा? त्यांनी इंटरनेटवर तिकडच्या रेडिओचा एक कार्यक्रम शोधून काढला होता, मेंढपाळांसाठीचा. कुठल्या डोंगरात गवत आहे, कुठल्या वाटेनं कळप चाललाय, कुठल्या जातीला कसली खरूज आलीय. स्वयंपाक करताना तो चालू असायचा. "बातम्या कळत नाहीत मला नीट, फार पळतात. हे कळतं. लंगडी मेंढी म्हटलं की डोळ्यासमोर येते." भाकरी थापत त्या म्हाताऱ्या मेंढपाळांची वाक्यं त्यांच्या मागून म्हणायच्या, त्याच हेलात.

संपतरावांशी माझं फारसं पटायचं नाही. माणूस कडवट होता. पण एक दुपार मला आठवते. हिराताई मला भिंतीवरचा कागद समजावत होत्या आणि ते बाहेरून ऐकत होते.

"दवाखान्यातून सुटला की आल्ता," हिराताई म्हणाल्या. "फौजेतून सुटला की बाखा. आल्ता म्हणजे खरं तर उंच आणि बाखा म्हणजे ठेंगणी."

बाहेरून चमचा वाजला. आम्ही दोघं गेलो.

"म्हंजी दवाखान्यातनं सुटला त्यो उंच, आन् फौजेतनं सुटला त्यो ठेंगणा?"

"तसं न्हाई वं," हिराताई म्हणाल्या. नवऱ्याशी बोलताना त्यांची भाषा लगेच गावाकडची व्हायची. "यादीत नाव चढलं की आल्ता, उतरलं की बाखा. तसलं काय तरी आसंल."

"मंग दवाखान्याच्या यादीतनं नाव उतरल्यावर बाखा का न्हाई?"

हिराताई खाटेच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, "हे मला कवा सुचलं न्हाई."

संपतराव खूश झाले. क्षणभर तो माणूस मला तरणा दिसला. मग छताकडे बघत ते म्हणाले, "फौजेनं सोडलं. दवाखाना दर म्हैन्याला सोडतोय. आता तू तेवडी र्‍हायलीस. तू कवा सोडतीस?"

हिराताईंनी घड्याळ बघितलं. "वळायची येळ झाली. चला. उनो."

त्यांना काम द्यायचा तो पुण्यातला एक मध्यस्थ. परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका हा माणूस आणायचा आणि पाचपन्नास भाषांतरकारांत वाटायचा. एका उन्हाळ्यात त्यानं एक मोठी यादी पाठवली. छातीचे ठोके दाखवणारं आणि गरज पडली तर विजेचा झटका देणारं यंत्र होतं, खाटेशेजारी ठेवायचं. त्याच्या पडद्यावर आणि बटणांवर जे जे शब्द दिसणार त्यांची यादी. वाक्यं नाहीत, नुसते शब्द, एकाखाली एक, हजारांवर. त्यात डिस्चार्ज तीनदा आला होता, एकमेकांपासून लांब लांब.

पहिल्या ठिकाणी आजूबाजूला पेशंटचं नाव, वय असले शब्द होते, म्हणून त्यांनी आल्ता लिहिलं. त्याबरोबर उरलेल्या दोन ठिकाणी आल्ता आपोआप उमटलं. मध्यस्थाच्या प्रणालीत तसा नियमच होता. इंग्रजी शब्द एक, तर स्पॅनिशही एकच.

त्या दिवशी मी कामावरून परस्पर तिकडे गेलो, कारण त्यांचा फोनवरचा आवाज मला वेगळा वाटला होता. त्या टेबलाशी उभ्या होत्या.

"भाऊ, तुमच्या अतिदक्षता विभागात असलं यंत्र आहे ना? झटका द्यायला वीज भरली, आणि मग कळलं की द्यायची गरज नाही. तर त्या भरलेल्या विजेचं काय करतात?"

मी तिथल्या सिस्टरना फोन लावून दिला. सिस्टरनी सांगितलं की एक बटण असतं, ते दाबलं की वीज आतल्या आत जिरते. काही यंत्रांवर त्याला डिस्चार्ज म्हणतात.

हिराताई खुर्चीवर बसल्या. "त्या बटणावर आता आल्ता लिहिलंय. आल्ता म्हणजे उंच, जास्त. घाईत असलेली नर्स काय वाचेल? जास्त वीज. तिला वीज काढून टाकायचीय, आणि बटण म्हणतंय, वाढव."

त्यांनी मध्यस्थाला तीनदा लिहिलं की हे बटण कुठं आहे ते दाखवा, चित्र पाठवा. चित्र नव्हतं. मग त्याचा फोन आला. लॅपटॉपवरच आला, त्यामुळे मला ऐकू येत होता.

"मॅडम, तुम्ही फार खोलात जाता. क्लायंटनं यादी दिली, आपण यादी द्यायची. संध्याकाळपर्यंत पाठवा."

"कुठं लिहिलंय ते कळल्याशिवाय नाही पाठवणार."

"मग दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल मला."

"तो दुसराही आल्ताच लिहील. तुमचा कॉम्प्युटर लिहील."

"मॅडम, तुम्हाला घरी बसून काम मिळतंय, याचा जरा विचार करा."

बाहेर चमचा वाजला. हिराताईंनी फोन ठेवला, नवऱ्याला पाणी दिलं आणि परत येऊन बसल्या. मग त्यांनी जे केलं ते करायची त्यांना परवानगी नव्हती. भाषांतरकारानं कंपनीशी थेट बोलायचं नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतलेलं होतं. त्याच कंपनीच्या जुन्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तिकडच्या ऑफिसचा पत्ता होता. त्यांनी स्पॅनिशमध्ये पत्र लिहिलं. पाच ओळींचं. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं, आणि मला एक शब्द कळत नसताना मी मान हलवली.

मध्यस्थानं त्यांचं काम बंद केलं. दोन आठवडे काहीच नाही. भिंतीवरच्या दोरीवर नवे कागद लागेनात. मेंढपाळांचा कार्यक्रम मात्र चालू होता.

मग तिकडून फोन आला. मार्ता नावाची बाई, कंपनीत भाषेचं काम बघणारी. हिराताईंनी नंतर मला ते इतक्यांदा सांगितलं की मी तिथं होतो असंच वाटतं. मार्तानं सांगितलं की दोन्ही चुकीचे शब्द दुरुस्त केलेत, यादी थांबवलीय, आभार. हिराताई उत्तर द्यायला लागल्या आणि पलीकडे शांतता पसरली. त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मग ती बाई हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला.

"म्हणाली, तुम्ही माझ्या आजोबांसारखं बोलता. आता तसं कुणी बोलत नाही. विचारलं, कुठं शिकलात? मी म्हटलं, मेंढरांमागं." हिराताईंचे खांदे हलत होते. "तिचा आजोबा मेंढपाळ होता, भाऊ. खरंच होता."

मार्ताच्या कंपनीचं पुण्यात एक ऑफिस निघत होतं. भाषा तपासायला तिथं माणसं हवी होती. मार्ता स्वतः पंधरा दिवस येऊन त्यांना शिकवणार होती. हिराताईंनी यावं, पंधरा दिवस राहावं आणि जमलं तर पुढं तिथंच काम करावं. मिरजेहून पुणे म्हणजे एका दिवसाचाही प्रवास नाही. लोक सकाळी जाऊन रात्री परत येतात. पण हिराताईंनी "पुणे" हा शब्द असा उच्चारला की मला ते समुद्रापलीकडचं गाव वाटलं.

संपतरावांना मीच विचारलं. ते मिशी पिळत म्हणाले, "जाऊ द्या की. मी काय दोरी बांधलीय व्हय तिला?"

त्यांच्या पाठीला एक जखम झालीच होती. माझ्या शब्दावर आमच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस ठेवून घ्यायचं कबूल केलं. हिराताईंनी वॉर्डच्या सिस्टरना चार पानं लिहून दिली. कधी वळवायचं, उशी कुठं घालायची, चहात साखर किती. सोमवारी सकाळी त्या गेल्या. जाताना त्यांच्या पायांत नव्या चपला होत्या. त्या चालताना आवाज करत होत्या, आणि हिराताई दर दहा पावलांवर त्यांच्याकडे बघत होत्या.

बुधवारी सकाळी नऊ वाजता माझ्या टेबलावर फाईल आली. संपतराव. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वेच्छेने. खाली त्यांची फौजेतली सरळ, मोठ्या अक्षरातली सही.

मी धावत वॉर्डात गेलो. दाढी वाढली होती. त्या माणसाला मी दाढी वाढलेला कधी बघितलं नव्हतं.

"हे काय केलंत?"

"घरी जायचंय."

"अहो, ताईंना तिथं जाऊन दोनच दिवस झालेत. तुम्हाला दुसरा वॉर्ड देतो, स्वतंत्र खोली बघतो..."

"सायेब, ऐका." त्यांनी माझं मनगट धरलं. हातांत अजून ताकद होती. "तुमच्या पोरांचा दोष न्हाई. त्यास्नी चाळीस खाटा. पर काल सकाळी मला पुसायला घेतलं आन् मधीच दुसरीकडं पळाली. पडदा वडला न्हाई. मी तसाच. उघडा. मला चादर वडता यीना, पायाकडं गेलेली. समोरच्या खाटंवरच्या म्हाताऱ्याची सून आली हुती. तिनं तोंड फिरवलं." ते थांबले. "तिनं तोंड फिरवलं तवा मला कळलं की मी कसा दिसतोय."

त्यांनी माझं मनगट सोडलं.

"मला लाज हाय अजून, सायेब. बाकी काय न्हाई र्‍हायलं. त्येवडी हाय."

मी कॉरिडॉरमध्ये येऊन हिराताईंना फोन लावला. त्या वर्गाबाहेर आल्या असाव्यात. मागे बायामाणसांचं स्पॅनिशमधलं बोलणं आणि हसणं ऐकू येत होतं. मी सगळं सांगितलं. चादरीचंही सांगितलं.

"सही त्यांनी केली?"

"हो."

"कारण काय टाकलंय?"

"स्वेच्छेने."

मागचं हसणं लांब गेलं. मग विचारलं, "कुणाच्या?"

मी फोन ठेवला. नियमाप्रमाणे मला दुपारपर्यंत ती नोंद पुरी करायला हवी होती. मी केली नाही. फाईल टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिली आणि दोनदा वॉर्डातून आलेल्या फोनला खोटं सांगितलं की कॉम्प्युटर बंद आहे. मला काय वाटत होतं कोण जाणे. कदाचित हिराताई म्हणतील, राहू दे त्यांना तिथंच. कदाचित त्या येणारच नाहीत. मला ते हवं होतं का, हेही मला कळत नव्हतं.

पाच वाजता त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. एसटीनं आल्या होत्या, साडीच्या निऱ्या धुळीनं माखलेल्या. आधी वॉर्डात जाऊन आल्या होत्या. संपतरावांची दाढी झाली होती आणि पडदा ओढलेला होता.

"अजून दाबलं नाहीत?"

"नाही."

"दाबा, भाऊ."

मी दाबलं.

पुण्यातली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मार्ता मात्र काम पाठवत राहिली, थोडं थोडं, घरबसल्या करण्याजोगं. काही दिवसांनी मी क्षमा मागायला वर गेलो. माझाच तो बेत होता, खाट मीच मिळवून दिली होती. हिराताई गॅलरीत चादरी वाळत घालत होत्या.

"तुम्ही कशाला क्षमा मागता," त्या म्हणाल्या. चादर झटकून त्यांनी ती दोरीवर सरळ केली. "एक सांगू? मंगळवारी दुपारी मार्तानं एक उतारा दिला. आम्ही चौघीजणी भांडत होतो, एका शब्दावरून. मी इतकं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मग घड्याळ बघितलं. दीड तास झाला होता. त्या दीड तासात मला यांची आठवणच आली नाही. यांना वळवलं असेल का, हेसुद्धा मनात आलं नाही." त्यांनी चिमटा लावला. "मला त्याचं भ्या वाटलं. आणि बुधवारी तुमचा फोन आला तेव्हा... मी रागावले ना, भाऊ. खूप रागावले. पण पहिल्यांदा जे वाटलं ते असं, की बरं झालं, आता ठरवावं लागणार नाही."

खोलीतून चमचा वाजला. त्या आत गेल्या.

त्यानंतर संपतराव काहीसे बदलले. चमचा कमी वाजवायचे. भिंतीवरचा एखादा कागद वाचायला मागायचे, आणि हिराताई कामात असल्या तर मला हळू आवाजात सांगायचे, "बसा. तिचं चाललंय." पण घर तेच होतं, जिना तोच, आणि दोन तासांचं घड्याळ तेच. मी कधी कधी विचार करायचो की या दोघांपैकी कोण कुणाला धरून आहे. उत्तर रोज वेगळं यायचं.

मी निवृत्त झालो आणि साताऱ्याला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. सामान आधीच गेलं होतं. शेवटच्या दिवशी हातात एक बॅग घेऊन दोघांचा निरोप घ्यायला गेलो. दुपारची वेळ होती. संपतरावांना नुकतंच कुशीवर वळवलं होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, "या परत, सायेब," म्हणाले आणि डोळे मिटले.

हिराताई खालपर्यंत सोडायला आल्या. फाटकाशी मी थांबलो तर म्हणाल्या, "चला, कोपऱ्यापर्यंत येते." कोपऱ्यावर म्हणाल्या, "त्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत." त्या सतारींच्या दुकानांवरून झपझप चालत होत्या आणि बोलत होत्या. मार्ताच्या नव्या कामाबद्दल, एका अडलेल्या शब्दाबद्दल, मुलीच्या घरी मला झोपायला कुठली खोली आहे त्याबद्दल. असं करत करत आम्ही स्टेशनात आलो. गाडी लागलेली होती. पुण्याकडे जाणारी, वाटेत सातारा.

"तुमची जागा बघते," म्हणून त्या डब्यात चढल्या. खिडकीजवळची माझी जागा त्यांनी शोधली, हातानं पुसली आणि त्यावर बसल्या. मी बॅग वर ठेवली आणि समोर बसलो. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. बाहेर चहावाला जात होता, त्याच्याकडे बघत होत्या. बोलणं एकदम थांबलं होतं.

गाडीनं शिटी दिली.

"ताई," मी म्हटलं, "गाडी सुटेल."

"हं."

त्या उठल्या नाहीत. मीही दुसऱ्यांदा म्हणालो नाही. समोरच्या आसनावरच्या बाईनं त्यांना विचारलं, "तुम्ही पुण्याला का?" हिराताईंनी तिच्याकडे बघितलं, जणू ती परक्या भाषेत बोलली होती आणि आता तिचा अर्थ लावायचा होता.

गाडी हलली. त्या उठल्या, माणसांतून वाट काढत दाराशी गेल्या आणि उतरल्या. मी खिडकीतून बाहेर वाकलो. त्या डब्याबरोबर चालत होत्या. त्यांनी विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीत ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि गाडी फलाट सोडायच्या आतच पाठ फिरवली. पुलाच्या जिन्यावरून माणसांचा लोंढा खाली येत होता. कठड्याला धरून, निऱ्या एका हातानं वर उचलून, त्या एका वेळी दोन दोन पायऱ्या चढत होत्या.